हिमावरच्या तीन गाड्या: डिचोलीतल्या शेडमधल्या नोंदी

५ ऑक्टोबर

जानेवारीच्या शेवटी गोव्याहून हिमाचलमधल्या सोलंगला न्यायच्या तीन वस्तू ठरल्या. पहिली, प्लास्टिकच्या ड्रमची घसरगाडी. दुसरी, एकाच स्कीवर खुंटा आणि त्यावर बैठक. अमेरिकेत व्हर्माँटकडे हिला जॅक जंपर म्हणतात, पूर्वी तिथे पिंपाच्या वाकड्या फळीवरच खुंटा ठोकत. तिसरी, चाकांच्या जागी स्की लावलेली २० इंची सायकल.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. मराठीत फ्रीझरमधला बर्फ आणि सोलंगचाही बर्फच. या नोंदींत आकाशातून पडतं ते हिम, लादीचा तो बर्फ.

घसरगाडीचा आकार शोधायला फार लांब जावं लागत नाही. पोफळीच्या विरीवर (झावळीच्या रुंद देठावर) एकाला बसवायचं आणि दुसऱ्याने पुढून ओढायचं, हा खेळ कुळागरात (पोफळीच्या बागेत) कोणालाही ठाऊक आहे. तळ सपाट, कडा किंचित उचललेल्या, पुढचं टोक वर वळलेलं. कॅनडातल्या मूळ रहिवाशांच्या टोबोगनचं अंगही हेच. खाली धावपट्ट्या नाहीत, सगळा तळच घसरतो, म्हणून मऊ हिमात ती बुडत नाही. हिशेब: ७० किलोचा माणूस बुटांवर उभा राहिला की दर चौरस सेंटीमीटरला साधारण १७० ते १८० ग्रॅम भार पडतो. १०० बाय ४५ सेंमी तळावर तोच भार १६ ग्रॅमच्या आत येतो.

९ ऑक्टोबर

भंगारातून २२० लिटरचा निळा एचडीपीई प्लास्टिकचा ड्रम आणला. घेताना आत पूर्वी काय होतं ते विचारलं. साबणाचं द्रावण असेल तर चालतो. ॲसिड किंवा कीटकनाशकाचा कितीही स्वस्त मिळाला तरी नको. कापण्याआधी दोनदा साबणाने धुऊन एक दिवस उन्हात पालथा ठेवला.

वरचं-खालचं झाकण कापलं, उभा एक काप दिला. उलगडला की घेराच्या दिशेने सुमारे १८० सेंमी लांब आणि ७८ सेंमी रुंद पत्रा मिळतो. गाडीची लांबी घेराच्या दिशेनेच घ्यायची, याला दोन कारणं. ड्रमची बाहेरची बाजू खाली ठेवली की नाक आपोआप वर वळलेलं राहतं. आणि ड्रमच्या पोटावरच्या दोन उभारलेल्या कड्या गाडीच्या लांबीत येतात, म्हणजे सरळ धरणाऱ्या दोन रेघा फुकटात. पत्रा १५० बाय ४६ सेंमी कापला, दोन्ही कड्या आत ठेवून.

कापायला जिगसॉ, लाकडाचं मोठ्या दातांचं पातं, वेग कमी. बारीक दातांचं पातं लावलं तर प्लास्टिक वितळतं आणि कापलेली फट मागून पुन्हा चिकटते. ग्राइंडरने तर काळा चिखलच होतो.

१४ ऑक्टोबर

पत्रा सपाट करणं हे या गाडीतलं सगळ्यात चिवट काम. एचडीपीई १२० अंशांच्या पुढे नरम पडतं आणि १३०च्या आसपास वितळतं, म्हणजे हाताशी दहा अंशसुद्धा नाहीत. उकळत्या पाण्याने भागत नाही. काल टबमध्ये उकळतं पाणी ओतून फळीखाली दाबला होता, सकाळी अर्धा वाक परत आलेला.

मग हीट गन घेतली. एका वेळी २० सेंमीचा पट्टा, दोन्ही बाजूंनी, पृष्ठभाग मळकट दिसतो तो चकचकीत होईपर्यंत. लगेच दोन फळ्यांमध्ये दाबून वर जांभ्याचे चिरे. पूर्ण गार होईपर्यंत हात लावायचा नाही. एकाच बाजूने तापवलं की वरून सपाट दिसतं आणि रात्रीत वाक परत येतो, कारण आतली बाजू नरम झालेलीच नसते.

मधले ९० सेंमी सपाट केले. पुढचे ४० आणि मागचे २० सेंमी मुद्दाम वाकलेले सोडले.

१९ ऑक्टोबर

आडव्या तीन पट्ट्या: फणसाचं लाकूड, ४० बाय २० मिमी. प्रत्येक पट्टीला दोन बोल्ट, ६ मिमीचे, डोकी खालून रुंद वॉशरसह. बोल्ट कड्यांच्या खोबणीच्या बाजूला घेतले, म्हणजे डोकं कडीच्या उंचीच्या वर राहतं आणि हिमाला घासत नाही. नाकाच्या पट्टीला मासेमारीची ८ मिमी नायलॉन दोरी, दोन गाठींत, मध्ये हाताला धरायला पाइपचा तुकडा. दोरी मनगटाला बांधायची नाही. गाडी उलटली तर ती सोडता आली पाहिजे.

२५ ऑक्टोबर

जॅक जंपरची स्की. फणसाची फळी ११० सेंमी लांब, १२ रुंद, २ जाड. पुढच्या २० सेंमीवर वरून ४ सेंमीचा ठोकळा चिकटवून बोल्ट केला आणि खालून तिरपा रंधला. नाक ५ सेंमी वर येतं.

लाकूड पावसाळ्याचं पाणी प्यायलेलं आहे. इथल्या दमट हवेत फळी फुगलेली असते, वर कोरड्या हवेत आणि गरम खोलीत ती रुंदीत एक-दोन मिमी आकसते. लांबीत जवळपास नाही. म्हणून लाकडाला लाकूड जोडताना खिट्टी नको, बोल्ट. तिथे पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सगळे पुन्हा आवळायचे. ही ओळ पान्याच्या डब्यावर चिकटवून ठेवली.

वरच्या बाजूला काजूच्या टरफलांच्या तेलाचे दोन हात. होड्यांना लावतात तेच. हातमोजे सक्तीचे, कातडीवर फोड येतात. वास महिनाभर जात नाही.

२ नोव्हेंबर

तळाला ६ मिमी एचडीपीई शीट. लाकडाला ते गोंदाने चिकटत नाही, इपॉक्सीनेही नाही, पापुद्र्यासारखं सोलून निघतं. स्क्रूच लागतात. आणि इथेच गोव्यात बसून हिमाची वस्तू करण्याची खरी गोम आहे.

एचडीपीई दर मीटरला, दर अंशाला साधारण ०.१५ मिमी आकसतं. पोलाद ०.०१२. लाकूड लांबीत त्याहूनही कमी. शेडमध्ये ३३ अंश, सोलंगच्या सकाळी उणे ७, फरक ४० अंशांचा. ११० सेंमीचा तळ साडेसहा मिलिमीटरने आखूड होणार आणि लाकूड जिथल्या तिथे. थंड देशात, हिवाळ्यात, गार गॅरेजमध्ये जो हे जुळवतो त्याला हा आकडा जाणवतही नाही.

४ नोव्हेंबर

फ्रीझर चाचणी. ६० सेंमीचा नमुना, तसंच लाकूड, तसंच शीट, आठ स्क्रू, सगळे घट्ट. आइस्क्रीम ठेवतात त्या आडव्या फ्रीझरमध्ये उणे १८ला रात्रभर.

सकाळी नमुन्याला मधोमध ३ मिमीची कमान, दोन्ही टोकं खाली. शेवटच्या दोन स्क्रूंची डोकी तिरकी, भोकं लांबट झालेली. ११० सेंमीवर हीच कमान सेंटीमीटरच्या आसपास जाईल. कारखान्यातल्या स्कीलाही कमान असते, ती मुद्दाम दिलेली आणि वजनाखाली नीट दबणारी. इथेही वजनाने ती दबेल, पण ओढ सगळी टोकाच्या स्क्रूंवर येईल आणि पहिल्याच खड्ड्यात ते उपटतील.

त्याच फ्रीझरमध्ये पीव्हीसी पाइपचा तापवून चपटा केलेला तुकडाही ठेवला होता. पाइपच्या स्की करण्याची कल्पना सगळीकडे दिसते. बाहेर काढून हातोडीचा एक मध्यम ठोका: तीन तुकडे, कडा काचेसारख्या. ड्रमच्या तुकड्याला त्याच ठोक्याने फक्त खूण पडली. पाइप बाद.

८ नोव्हेंबर

तळाची नवी जोडणी. स्क्रू घट्ट फक्त नाकाजवळ, दोन. बाकी सगळ्या ठिकाणी लांबट खाचा. आधी मधला स्क्रू घट्ट ठेवायचा विचार होता, तसं केलं तर आकसणं दोन्हीकडे निम्मं-निम्मं वाटलं जातं. पण नाक सैल राहिलं तर शीट आणि लाकूड यांच्यात हिम पाचरीसारखं घुसेल. म्हणून नाक घट्ट, शेपूट मोकळी.

खाचेची मापं, नाकाच्या स्क्रूपासून अंतर धरून: ३० सेंमीवर सरक १.८ मिमी, ६० वर ३.६, ९० वर ५.४. सगळ्या खाचा सरसकट १२ मिमी लांब पाडल्या, ५ मिमीच्या स्क्रूला. स्क्रू खाचेच्या नाकाकडच्या टोकाला बसवायचा. थंडीत प्लास्टिक नाकाकडे सरकतं, म्हणजे खाच पुढे जाते आणि स्क्रू खाचेत मागे पडतो. उलटं बसवलं तर खाच असून नसल्यासारखी.

डोकं शीटच्या आत बुडायला शंकूच्या बिटने खाचेच्या लांबीभर तीन-चार खळगे एकमेकांत मिसळून पाडले. ड्रमच्या ३ मिमी पत्र्यात हे जमत नाही, म्हणूनच शीट ६ ची. स्क्रू पूर्ण आवळून पाव फेरा सोडला. अशीच जोडणी केलेला नमुना फ्रीझरमधून सरळ बाहेर आला, शेपटीकडे ४ मिमी लाकूड उघडं.

१६ नोव्हेंबर

खुंटा ३८ सेंमी, मधल्या बिंदूच्या ६ सेंमी मागे. पुढे-मागे दोन तिरपे टेकू. बैठक ३२ बाय १६ सेंमी, खाली हाताला धरायला खोबण. खुंटा ४५ केला की तोल सांभाळणं अवघड, ३०च्या खाली गेला की गुडघे छातीला. खुंट्याच्या तळाशी ५ मिमी लोखंडी प्लेट आणि चार बोल्ट. नुसत्या लाकडी सांध्यावर पहिल्या आपटीला फळी उभी चिरेल.

२४ नोव्हेंबर

सड्यावरच्या सुक्या करडाच्या (गवताच्या) उतारावर ड्रमगाडी आणि जॅक जंपर. उतार साधारण २० अंश. करडावर गाडी सुटते, पण इथून हिमावरचा वेग कळत नाही. कळतं ते इतकंच की सांधे टिकतात का. ड्रमगाडीची मागची पट्टी सैल झाली, नट बदलून सैल न होणारे नायलॉक केले. करडाखाली लपलेल्या जांभ्याने तळावर तीन खोल ओरखडे. रंध्याच्या सुट्या पात्याने खरवडले.

किनाऱ्यावर चाचणी करायची सूचना पुन्हा पुन्हा येते. मोरजी आणि गालजीबागच्या वाळूच्या टेकड्यांवर नाही म्हणजे नाही. टेकड्या संरक्षित आहेत, कासवं तिथे अंडी घालतात. शिवाय वाळूचं घर्षण हिमाच्या कितीतरी पट; काही शिकायला मिळत नाही आणि तळ मात्र पॉलिश पेपरवर घासल्यासारखा होतो.

१ डिसेंबर

बर्फाच्या लाद्या. मासळीला लागतात त्याच, चार लाद्या टोकाला टोक लावून ताडपत्रीवर. तळाचे तुकडे, प्रत्येकावर १० किलो, पुढे ताणकाटा, हळू ओढून वाचन.

हिमावर स्की घसरते ती घर्षणाच्या उष्णतेने सुटणाऱ्या पाण्याच्या पातळ थरावर. बाउडन आणि ह्यूज या शास्त्रज्ञांनी १९३९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राउयोखच्या प्रयोगशाळेत हेच दाखवलं. इथे लादीवर पाणी जास्तच, म्हणजे ही चाचणी दुपारच्या ओल्या हिमाची. गुळगुळीत तळ पाण्याला चिकटतो, उचलताना चप् असा आवाज येतो. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने फक्त लांबीच्या दिशेने घासलेला तुकडा: गुळगुळीत ९०० ग्रॅम, घासलेला ७००. आडवा घासलेला सगळ्यात वाईट.

मेण: साधी पांढरी मेणबत्ती चोळून बुचाने घोटली, वाचन आणखी कमी. इस्त्री वापरायची तर सगळ्यात मंद, नाहीतर शीट लाटांसारखं होतं. खोबरेल तेल लावून पाहा, असं गोव्यात कोणीतरी म्हणणारच. ते २४-२५ अंशांना गोठतं. लादीवर पांढरी साय धरली, त्यात ताडपत्रीची धूळ बसली, काटा वर गेला.

८ डिसेंबर

सायकल. स्वित्झर्लंडमधल्या ग्रिंडेलवाल्डला चाकांच्या जागी धावपट्ट्या असलेली लाकडी सायकल आजही चालते, वेलोगेमेल; पेटंट १९११ चं. आपल्याकडे लोखंडी सांगाडा आयता आहे. चाकं, साखळी, पॅडल, ब्रेक काढले. हँडलच्या बेअरिंगमधलं घट्ट ग्रीस धुऊन शिलाई मशीनचं तेल. ग्रीस थंडीत लापशीसारखं होतं आणि हँडल जड फिरतं.

स्की दोन, पुढची ७० आणि मागची ८० सेंमी, रुंदी १२, तळ वरच्याच पद्धतीने. ४० बाय ५ मिमी लोखंडी पट्टीचे दोन कान प्रत्येक स्कीवर, उंची १४ सेंमी, आत तिरपी पट्टी वेल्ड. चाक धरणाऱ्या चिमट्याच्या फटीचं माप घेऊनच कान जोडायचे. कानांतून १० मिमीचा आटे पाडलेला दांडा, स्की त्यावर वरखाली डोलते.

दांडा स्कीच्या बरोबर मध्यावर घेतला तर नाक हिमात खुपसतं. हिम तळाला मागे ओढतं, वजन मात्र १४ सेंमी वरून पुढे ढकलतं, या जोडीने स्की नाकावर फिरते. घर्षण वजनाच्या ०.१ पट धरलं तर दांडा निदान १.४ सेंमी मागे हवा. खड्डे आणि मऊ हिम धरून ४.५ सेंमी मागे घेतला. शिवाय ट्यूबच्या रबराची पट्टी नाकापासून चिमट्यापर्यंत, स्की हवेत उचलली की नाक वर राहायला.

१५ डिसेंबर

कणा. गुळगुळीत तळाची स्की दाबलेल्या हिमावर वळत नाही, आडवी घसरते. पुढच्या स्कीखाली ८ मिमी चौकोनी स्टेनलेस सळई, ४० सेंमी, टोकं निमुळती घासलेली. साधं लोखंड इथल्या दमट हवेत आठवड्यात गंजतं आणि गंजलेली सळई हिम धरून ठेवते. मागच्या स्कीला कणा ५० सेंमी.

१७ जानेवारी

बांधाबांध. वास्कोहून गोवा एक्सप्रेसने हजरत निजामुद्दीन, पुढे रात्रीची बस. सायकलीचं हँडल आणि दोन्ही स्की सुट्या, ड्रमगाडीत बाकी सगळं ठेवून वरून दोरी. तिचा पहिला उपयोग टोपलीचाच. सोबत: १० आणि १३ चे पाने, पान्यांचा डबा (वर ती चिठ्ठी), मेणबत्त्या १२, जादा नायलॉक नट, रबराच्या दोन पट्ट्या, हेल्मेट तीन.

२२ जानेवारी, सोलंग

सकाळी ८, उणे ६, रात्री गोठलेलं कडक हिम. उतार निवडला १० अंशांचा, ३० मीटर, स्कीवाल्यांच्या वाटेपासून दूर, खाली मोकळं सपाट मैदान. ३० अंशांच्या पुढच्या उतारांखालीही जायचं नाही, हिमकडे बहुधा तिथूनच सुटतात.

खालचं मैदान किती लागेल याचा हिशेब आधीच केला होता. उंची ५.२ मीटर. घर्षण ०.१ असेल तर गाडी आडव्या अंतरात ५२ मीटर जाऊन थांबते, म्हणजे उतार संपल्यावर २२. घर्षण ०.०५ असेल तर तोच आकडा ७५. कडक हिमावर ड्रमगाडी ६० मीटरच्या पुढे गेली. ज्याने दुपारच्या मऊ हिमावर जागा पाहिली आणि सकाळी गाडी सोडली तो कुंपणात जाणार.

ड्रमगाडी नाकासमोर जाते, हट्टाने. दोन कड्यांमुळे वळवायला टाच रोवावी लागते, आणि टाच रोवली की हिमाचा फवारा मांडीत. आत आलेलं हिम निघून जावं म्हणून नाकाच्या आतल्या बाजूला दोन भोकं पाडून काही उपयोग नाही, हिम वाहत नाही.

२३ जानेवारी

सगळे बोल्ट तपासले. लाकडाचे अकरापैकी सात अर्धा फेरा सैल. प्लास्टिकचे खाचेतले स्क्रू जागच्या जागी. जॅक जंपरच्या शेपटीकडे ६ मिमी लाकूड उघडं, तळ सरळ.

जॅक जंपर तिघांत उजवी. पाय उचलून पुढे धरायचे, वळायचं त्या बाजूला कंबर झुकवायची. पहिल्या चार-पाच फेऱ्या आडवं पडण्याच्याच, पण पडणं फुटभर उंचीवरून. दुपारी ओलं हिम खुंट्याच्या टेकूंमध्ये गोळा होऊन घट्ट बसलं, बैठक जड. पुढच्या वेळी टेकू दोन नाही, एकच, आणि मेण टेकूंनाही.

२४ जानेवारी

सायकल सरळ उतारावर उत्तम. वळताना पुढची स्की एकदम चावते आणि हँडल हातातून निसटतं. दोष कण्याचा: ४० सेंमीपैकी २४ दांड्याच्या पुढे होता, म्हणजे स्की स्वतःच वळण वाढवत होती. करवतीने पुढचा १४ सेंमी कापला, पुढे १० आणि मागे १६ उरला. हँडल शांत झालं. हे डिचोलीत कागदावरच कळायला हवं होतं. सामानाच्या गाडीचं पुढचं चाक त्याच्या खुंट्यामागे रेंगाळतं ते याचसाठी.

मऊ हिमात सायकल बुडते. दोन्ही स्की मिळून जेमतेम १५०० चौरस सेंमी तळ टेकतो, माणूस आणि सांगाडा ८५ किलो, म्हणजे चौरस सेंटीमीटरला ५५ ग्रॅमच्या पुढे. रुंदी १८ केली तर भागेल, पण मग पाय लागतात. तुडवलेल्या वाटेवरच चालवायची.

मेणबत्ती दोन-तीन फेऱ्या पुरते. मग खरखर ऐकू येते.

२ फेब्रुवारी, डिचोली

धुतलं, पुसलं, स्टेनलेसला तेल. शेडमध्ये ३१ अंश, शेपटीकडे उघडं पडलेलं लाकूड पुन्हा झाकलं गेलं, स्क्रू खाचांच्या पुढच्या टोकाला परत. एका खाचेत सोलंगची वाळू अडकून शीट तिथे फुगलं होतं, सुईने काढली. ड्रमगाडी आत, सावलीत. निळ्या प्लास्टिकला इथलं ऊन वर्षभरात ठिसूळ करतं.

सायकलीच्या मागच्या स्कीचा डावा कान दोन अंश वाकलाय. आतली तिरपी पट्टी ३ मिमीची होती, ५ ची टाकायची.